न मागितलेली सूट

धुळ्याच्या एस.टी. स्टँडवर मला पोचवायला माझे वडील अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा काढून आले होते. ती रजा त्यांनी रीतसर अर्ज करून घेतली होती, आणि कारण म्हणून लिहिले होते : ‘ज्येष्ठ चिरंजीव परदेशी जात असल्याने.’ जिल्हा न्यायालयात ते नाझर होते. समन्स, जप्तीचा माल, बेलिफांच्या फेऱ्या, साक्षीदारांचा भत्ता, सगळे त्यांच्या टेबलावरून जात असे. आणि जे त्यांच्या टेबलावरून गेले नाही ते घडलेच नाही, अशी त्यांची धारणा होती. मुंबईची बस लागली होती. दोन्ही बॅगा टपावर चढल्या होत्या. आई रडली नाही. कंडक्टर घंटीच्या दोरीला हात घालून उभा असताना ती मला शांतपणे कामे सांगत होती.

“दर पंधरवड्याला पत्र. विजूच्या लग्नात मांडव तू उभा करायचास, मामा नाही. आणि माझ्या वेळेला तू इथे पाहिजेस. हे मी आत्ताच सांगून ठेवते.”

“आई, आत्ता हे कशाला?” मी म्हणालो.

वडील म्हणाले, “ती विनंती करत नाहीये. हुकूम आहे. नोंद घे.”

मी नोंद घेतली. विजू, तू तेव्हा दहावीत होतास आणि बसच्या मागच्या शिडीवर लोंबकळत होतास म्हणून आईने तुझ्या पाठीत धपाटा घातला, हेही माझ्या नोंदीत आहे. हा मजकूर मुख्यतः तुला, माझ्या धाकट्या भावाला, उद्देशून आहे. परंतु जे माझ्यासारखे निघून आले आणि मिसिसागात, विनिपेगमध्ये किंवा आणखी कुठे म्हातारे झाले, त्यांनीही तो वाचावा. त्यांना यातले पुष्कळसे ओळखीचे वाटेल, आणि वाटले तर त्यांनी माझ्यासारखेच संतापावे, अशी माझी इच्छा आहे.

इथे कॅनडात आल्यावर टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्क भागातल्या एका उंच इमारतीत आम्ही संसार मांडला. माझ्या बायकोने, शैलाने, पहिल्याच उन्हाळ्यात बाल्कनीत पापड वाळत घातले, इमारतीच्या व्यवस्थापकाने नोटीस दिली, आणि त्या नोटिशीला मी दिलेले उत्तर हे या देशातले माझे पहिले पत्र. ते सव्वादोन पानांचे होते आणि त्यात पापड या वस्तूची व्याख्या होती. नोटीस मागे घेण्यात आली. मला वाटले, हा देश कायद्याने चालतो, इथे आपले जमेल.

मग मी माझी पदवी घेऊन हिंडू लागलो. धुळ्याच्या कोर्टात मी सात वर्षे वकिली केली होती. दिवाणी दावे, ताबा, वहिवाट, कूळकायदा. परदेशी पदव्या तपासणाऱ्या समितीने कळवले की जवळजवळ सगळा अभ्यास पुन्हा करावा लागेल. ठीक आहे, मी म्हणालो, पोटापुरते काही मिळाले तर संध्याकाळी करीन. परंतु पोटापुरते मागायला गेलो की काउंटरपलीकडून एकच प्रश्न येई : “कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे?” सात वर्षांचा अनुभव आहे, असे सांगितले की समोरचा माणूस सहानुभूतीने मान हलवी, जणू मी एखाद्या आजाराचे नाव सांगितले होते. अखेरीस विमानतळाजवळच्या गोदामात खोकी लावली, तिथूनच पुढे कस्टम्सची कागदपत्रे पाहणाऱ्या टेबलावर गेलो आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिलो. वकिलीचा अभ्यास संध्याकाळी करायचा होता. संध्याकाळी ओव्हरटाइम असे. याबद्दल मी कुणाकडेही दाद मागितली नाही, कारण दाद कुणाकडे मागायची हेच कुठे लिहिलेले नव्हते.

निवृत्तीनंतर मी लोकांची पत्रे लिहू लागलो. महाराष्ट्रातून शिकायला आलेली मुले-मुली इथे बेसमेंटमध्ये दाटीवाटीने राहतात. घरमालक हीटर बंद ठेवतो, डिपॉझिट दाबून बसतो, आणि मालक बहुधा आपल्यापैकीच असतो. मी त्यांची उत्तरे लिहून देई आणि सुनावणीला सोबत जाई. सुनावणीच्या दालनाबाहेर एक अरुंद बोळ होता. त्यात खुर्च्या जमिनीला बोल्टने जखडलेल्या, दोन रांगांत, समोरासमोर. इतक्या जवळ की घरमालकाचे आणि भाडेकरूचे गुडघे एकमेकांना लागावेत. पहिल्याच दिवशी मी पाहिले की आत जायच्या आधीच निम्मे भाडेकरू खचलेले असतात. कुणी तडजोड करून निघून जाई, कुणी नुसतेच निघून जाई. आत न्याय कसा होतो यावर ग्रंथ आहेत. बाहेर माणसाला कुठे बसवतात, यावर कुणी काही लिहिलेले मला आढळले नाही.

वडिलांच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दोनच बाक होते, आणि त्यांनी ते दोन टोकांना ठेवायला लावले होते. एक पाण्याच्या मडक्यापाशी, एक स्टँपवेंडरच्या बाजूला. वादी कुठे आणि प्रतिवादी कुठे, हे कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. “आत भांडायचंच आहे, मग बाहेर कशाला भांडायला लावायचं?” असे ते म्हणत.

तर अशा रीतीने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मी डिझाइन या विषयातल्या आंतरविद्याशाखीय डॉक्टरेटसाठी अर्ज केला. विषय : न्यायाची वाट पाहणाऱ्या माणसाची बसण्याची जागा. टोरोंटोतल्या एका विद्यापीठाने मला प्रवेश दिला. शैला म्हणाली, “अहो, इतके दिवस लोकांच्या हीटरसाठी पत्रं लिहिलीत. आता खुर्चीवरच पीएचडी?” तिला मी समजावून सांगितले. तिने समजल्यासारखे दाखवले.

या अभ्यासाची एक गोष्ट धुळ्याच्या वाचकांना सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपल्याकडे अभ्यासक्रम वरून येतो. विद्यापीठ छापते, आपण पाठ करतो. इथे, या पदवीसाठी, अभ्यासक्रम असा काही नसतोच. नियमावली सांगते की विद्यार्थ्याने आपल्या समितीच्या सल्ल्याने स्वतःचा आराखडा तयार करावा. विषय किमान तीन निरनिराळ्या विद्याशाखांतले असावेत. त्यांत संशोधनपद्धतीचा एक आणि स्टुडिओचा एक असे दोन विषय सक्तीचे असावेत. आणि पहिले सत्र संपण्यापूर्वी आराखड्याला मंजुरी मिळावी. स्टुडिओ म्हणजे जिथे स्वतःच्या हाताने वस्तू बनवायची, ती सगळ्यांसमोर मांडून उभे राहायचे, आणि मग बाकीच्यांनी तिची सालटी काढायची. ‘सक्तीचे’ हा शब्द नियमावलीत स्पष्ट आहे. मी तो अधोरेखित केला.

तो उन्हाळा मी जेवणाच्या टेबलावर आराखडा आखण्यात घालवला. कायदा विभागातला पुराव्याचा विषय हवा होता, कारण माणूस कुठे बसला यावरून त्याची साक्ष बदलते का, हा माझा मूळ प्रश्न. पण आधी मोजायचे कसे ते शिकायला हवे, म्हणजे संशोधनपद्धती त्याच्या अगोदर. मानववंशशास्त्रात एक विषय होता, माणसे परक्याच्या शेजारी किती अंतर ठेवून बसतात याचा. तो दोन वर्षांतून एकदाच शिकवतात, म्हणून तो पहिल्याच सत्रात धरायला हवा. आर्किटेक्चरचा स्टुडिओ सगळ्यात शेवटी, कारण बाक बनवण्याआधी बसणाऱ्याची माहिती पाहिजे. आणि वार्धक्यावरचा एक विषय, कारण बोळात ताटकळणाऱ्यांत म्हातारे पुष्कळ. एक विषय हलवला की दुसरा कोसळे. प्रत्येक प्राध्यापकाला मी स्वतंत्र पत्र लिहिले. शैला टेबलाच्या उरलेल्या कोपऱ्यावर गवारीच्या शेंगा मोडत म्हणाली, “घर घेताना एवढी चौकशी नाही केलीत. बेसमेंट ओलं निघालं.”

मी आणखी एक विषय हलवून पाहिला. खरे सांगायचे तर अनेक वर्षांत मी इतका सुखी नव्हतो.

आता मृणालविषयी. या डॉक्टरेट कार्यक्रमाची प्रमुख, आणि म्हणून माझ्या समितीवर असलेली प्राध्यापिका, ही आमच्या एका जुन्या स्नेह्याची मुलगी. इथेच जन्मलेली. लहानपणी नॉर्थ यॉर्कच्या आमच्या घरात ती कार्पेटवर लोळत वरणभात खाई आणि मला काका म्हणे. अजूनही म्हणते. प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच मी विद्यापीठाला लेखी कळवले की प्रमुख प्राध्यापिका मला काका म्हणतात, तरी हितसंबंधांचा प्रश्न तपासला जावा. विद्यापीठाने उत्तर दिले की आमचे रक्ताचे नाते नसल्याने हरकत नाही. मृणालने फोन केला आणि खूप हसली. “काका, यू आर टू मच!” ती म्हणाली. मी हसलो नाही. नियमात नात्याची व्याख्या अपुरी आहे, हे माझे मत तेव्हाच होते आणि पुढे ते खरे ठरले.

समितीची बैठक सत्राच्या मध्यावर झाली. मृणाल, आर्किटेक्चरचे एक वयस्क प्राध्यापक, आणि मी. मी आराखड्याच्या प्रती काढून नेल्या होत्या. प्राध्यापकांनी तो वाचून भुवया उंचावल्या आणि चांगला आहे म्हणाले. मृणालने पेन उचलले.

“काका, हे फार जास्त आहे हो. तुम्हाला हे सगळं करायची गरजच नाही. आय विल वेव्ह द स्टुडिओ, सूट देते. मेथड्स पण. तुमच्याकडे एवढा लिव्हड एक्स्पिरियन्स आहे! तुम्ही फक्त दोन सेमिनार घ्या, छान गोष्टी सांगा त्यांना. बाकीचे विद्यार्थी तुमच्याकडून शिकतील. एन्जॉय करा.”

आणि तिने माझ्या दोन सक्तीच्या विषयांवर आडव्या रेघा मारल्या. प्रेमाने मारल्या. वयस्क प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, देवळात म्हाताऱ्यांना पुढे जायला वाट करून देतात तशी.

त्या वेळी मला काय झाले ते नीट मांडण्याचा प्रयत्न करतो. पस्तीस वर्षांपूर्वी याच शहरात माझ्या सात वर्षांच्या अनुभवाची किंमत शून्य होती. तेव्हा सगळे पुन्हा करा म्हणाले. आज माझा अनुभव एवढा मोठा झाला की काहीच करू नका म्हणतात. हा अनुभव मधल्या काळात वाढला कशाने? गोदामात खोकी लावून? नाही. मधल्या काळात माझे फक्त वय वाढले. तेव्हा त्यांनी सगळे मागितले, कारण मी काही देऊ शकेन असे त्यांना वाटत नव्हते. आता ते काहीच मागत नाहीत, कारण त्यांना अजूनही तसे वाटत नाही. दोन्ही निकालांच्या खाली सही एकाच माणसाची आहे, असे समजायला हरकत नाही.

मी घरी येऊन पत्र लिहिले. त्यातला मुद्दा एकच होता आणि तो कायद्याचा होता. नियमावली म्हणते की सक्तीच्या विषयातून सूट विद्यार्थ्याच्या लेखी अर्जावरून देता येईल. मी अर्ज केलेला नाही. ज्याने मागितली नाही त्याला दिलेली सूट रद्दबातल आहे. सबब दोन्ही विषय माझ्यावर पूर्ववत सक्तीचे करण्यात यावेत, आणि मी त्यांत अनुत्तीर्ण झाल्यास इतर कोणत्याही विद्यार्थ्याप्रमाणे माझ्यावर कारवाई व्हावी.

शैलाने पत्र वाचले. “तुमच्याकडे मागितलं तर राग, नाही मागितलं तर राग,” ती म्हणाली. “लोकांनी करायचं काय?”

मृणाल रविवारी घरी आली. बूट दारात काढले, सवयीने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली, आणि शैलाने तिच्यापुढे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी ठेवली. तिने अर्धी भाकरी संपवली.

“काका,” ती मग म्हणाली, “ऑनेस्टली सांगू? तुमच्या वयाचे लोक पूर्ण करत नाहीत. मी पाहिलंय. दे जस्ट स्टॉप कमिंग. आणि स्टुडिओ इज ब्रूटल. पंचविशीतली मुलं रडत बाहेर येतात. तुम्हाला तिथे उभं करून कोणीतरी काहीतरी बोलणार, आणि मला खाली सही करायची. माझे बाबा नाहीत आता, तुम्हीच आहात. मला नाही जमणार हो तुम्हाला फेल करायला.”

“मग हे तू मला बैठकीत का सांगितलं नाहीस?”

“कसं सांगणार? तुम्ही काका आहात.”

“मृणाल,” मी म्हणालो, “मला नापास करण्याचा तुला अधिकार आहे. सूट देण्याचा नाही. तुझं माझ्यावर प्रेम आहे ते तू या भरितावर दाखव. त्या आराखड्यावर दाखवू नकोस.”

तव्यावर भाकरी उलटत शैला म्हणाली, “नापास कर गं त्यांना एकदा. उभ्या जन्मात कुणी केलं नाही म्हणून तर हे असं झालंय.”

मृणाल हसली, पण तिचे डोळे भरून आले होते. तिने नक्की काय ठरवले ते सांगितले नाही. जाताना डब्यात भरीत नेले.

विजू, आता तुझ्याकडे वळतो. मृणालवर मी इतका का चिडलो, ते मला त्या रात्री नव्हे, पुढे कित्येक दिवसांनी कळले. कारण हे मला कुणीतरी आधीच केले होते, आणि ते तू होतास.

वडील गेले तेव्हा तू फोनवर रडत नव्हतास, ओरडत होतास. “दादा, तू नीघ. मी थांबवतो.” तू बाजारात जाऊन बर्फाच्या लाद्या आणल्यास, गावातल्या म्हाताऱ्यांनी उशीर होतोय म्हणून गलका केला तेव्हा तू दारात उभा राहिलास, आणि मी मुंबईहून टॅक्सीने पोचेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीस. मी घरात पाऊल टाकले तेव्हा खाली सगळीकडे पाणी झाले होते. तू मला आधी शिवी दिलीस, मग मिठी मारलीस. त्या शिवीइतका मान मला पुढे कधी मिळाला नाही.

आई गेली तेव्हा तुझा फोन दुसऱ्या दिवशी आला. “दादा, सगळं व्यवस्थित झालं. तुम्हाला उगाच धावपळ नको म्हणून लगेच कळवलं नाही. एवढ्या लांबून, या वयात, तुमचं बीपी...” त्या फोनवर तू मला तुम्ही म्हणालास, हे मी त्या वेळीच नोंदवून ठेवले. व्यवस्थित! मी वकील आहे, विजू. एखादे काम माझ्यावाचून व्यवस्थित झाले याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी समजावून सांगायला नको. आईने मला बसस्टँडवर हुकूम दिला होता. तो हुकूम रद्द करण्याचा अधिकार तुझ्याकडे नव्हता. तुझ्याकडे कुणी अर्ज केला होता? मी केला होता?

मी तरीही आलो. तेराव्याच्या आदल्या दिवशी पोचलो. अंगणात मांडव होता, आणि शेजारच्या घरातला मुलगासुद्धा पत्रावळ्या मांडत होता. मी बाह्या सरसावून वाढायला उभा राहिलो तर तुझ्या मुलीने माझ्या हातातले वरणाचे भांडे काढून घेतले. “काका, तुम्ही बसा ना.” मला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवले, वॉर्डाच्या नगरसेवकाशेजारी. सगळे तांब्याभांड्याने पाणी पीत होते. मला सीलबंद बाटली आणून दिली, कारण तिकडून आलेल्यांना इथले पाणी बाधते. ज्या आडाचे पाणी मी लहानपणी शेंदले आहे त्या आडाकडे तोंड करून मी ती बाटली फोडली. चहासुद्धा मला बशीसकट आला. विजू, त्या घरात बशी फक्त मामलेदाराला मिळत असे.

तुम्ही सगळे प्रेमाने वागलात. हे मी अमान्य करत नाही. तेच माझे गाऱ्हाणे आहे. दुष्टाव्याने वागला असतात तर मी उत्तर लिहिले असते. जे इकडे आले आहेत त्यांना ही प्लास्टिकची खुर्ची माहीत आहे. सुट्टीत गेलो की आपण तिच्यावर बसून पोहे खातो, आपले कौतुक होते, आपल्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि आत माजघरात शेत विकायचे की नाही याचा निर्णय आपल्याला न विचारता होत असतो, कारण आपल्याला कशाला त्रास. तिकडे पाहुणे आणि इकडे अनुभवी नागरिक. दोन्हीकडे जमिनीला बोल्टने जखडलेली खुर्ची.

मृणालचे उत्तर दहाएक दिवसांनी आले. विद्यापीठाचे नाव छापलेल्या कागदावर, इंग्रजीत, ‘डिअर मिस्टर वाणी’ अशी सुरुवात करून. सूट मागे घेतली होती. एवढेच नव्हे, तर माझ्या मूळ आराखड्यातला एक विषय तिने नामंजूर केला होता, वार्धक्याचा; माझ्या प्रश्नाशी त्याचा संबंध मी पुरेसा सिद्ध केलेला नाही, असे एका वाक्यात लिहिले होते. त्याऐवजी तिने संख्याशास्त्राचा पायाभूत विषय घालायला सांगितला होता, जो मी शिताफीने टाळला होता आणि तिने ते बरोबर पकडले होते. पत्रात काका हा शब्द कुठे नव्हता. मी दोनदा वाचले. चिडून घरभर फिरलो. मग शैलाला म्हणालो, “पोरीला विषय कळतो.”

मी शेवटी ठेवलेला स्टुडिओही तिने पुढे ओढला होता, म्हणून त्याचा पहिला प्रयोग हिवाळ्याच्या सत्रातच झाला. मी प्लायवूडचा बाक बनवला होता, दोन टोकांना दोन माणसे पाठमोरी बसतील असा. शिकवणारा तरुण त्याच्याभोवती फिरला, बसून पाहिले, उठला, आणि सगळ्यांसमोर म्हणाला की हा बाक नाही, हा युक्तिवाद आहे. यावर कोणाची पाठ टेकणार नाही. कुणीतरी माझ्याकडे काळजीने पाहिले, आता म्हातारा रडतो की काय. मी घरी येऊन निषेधाचे पत्र लिहिले आणि पाठवले. मृणालचे उत्तर एका ओळीचे होते : आपले म्हणणे नोंदवले आहे, गुण कायम. मी तो बाक मोडला आणि पुन्हा बनवायला घेतला. गॅरेजमध्ये तो अजून अर्धवट आहे. पाठ टेकण्याचे अंतर मला अजून साधलेले नाही.

आणि मग गेल्या महिन्यातली गोष्ट. रात्रभर बर्फ पडले होते. सकाळी ड्राइव्हवेच्या तोंडाशी रस्त्यावरचे बर्फ लोटणाऱ्या गाडीने कमरेएवढा ढीग लावून ठेवला होता. फावड्याने तो उपसायला गेलो, कंबरेत चमक भरली आणि तसाच आत येऊन आडवा झालो. संख्याशास्त्राचा तास बुडाला. कुणाला कळवायचे लक्षात आले नाही. दुसऱ्या दिवशी त्या विषयाच्या बाईंचा ईमेल आला, दोनच ओळींचा : कालच्या तासाला आपण गैरहजर होता व कारण कळवले नाही, नियमाप्रमाणे सहभागाचे दोन गुण वजा केले आहेत.

शैला कंबरेला शेक द्यायची पिशवी घेऊन आली. तिने वाचले. “झालं,” ती म्हणाली, “आता आणा कागद.”

मी कागद आणला. पेन उघडले. बर्फ, कंबर, वय, प्रत्येकाचा आधार घेता आला असता. माझ्याजागी दुसरा कुणी पक्षकार असता तर मी त्याला जिंकून दिले असते. पण मी काही लिहिले नाही. त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. या देशात मी येऊन पस्तीस वर्षे झाली. इतक्या वर्षांत मी एखाद्या ठिकाणी नव्हतो म्हणून तिथे काही कमी पडले, असे मला लेखी कळवणारी ही पहिली व्यक्ती. मी तिला अजून नीट ओळखतही नाही.

घर कुठे, असे मला इथले लोक अजून विचारतात, आणि मी धुळे म्हणतो, सवयीने. आता तसे म्हणण्याआधी मला एक खुलासा हवा आहे. म्हणून तोच कागद मी तुझ्यासाठी वापरला. विजू, आईच्या वेळी मी हजर नव्हतो. कारण कळवले नव्हते, कारण मलाच कळवले नव्हते. तो वाद आपण नंतर घालू, समोरासमोर, आणि तू मला पूर्वीसारखी शिवी देऊन सुरुवात केलीस तरी माझी हरकत नाही. मला उत्तर एकाच प्रश्नाचे हवे आहे आणि ते प्रेमाने नको, खरे हवे. त्या दिवशी, आईला उचलताना, पुढच्या उजव्या खांद्याची जागा माझी होती. ती रिकामी राहिली, की ती माझी होती हेच कुणाच्या लक्षात आले नाही?